ऑफिसच्या सर्व्हरचं आतलं नाव काय ठेवायचं?

रबाळे एमआयडीसीतून एका ताईंचं पत्र आलं आहे. सासऱ्यांनी सुरू केलेला सुट्या भागांचा कारखाना आता त्या आणि त्यांचे दीर मिळून चालवतात. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड आहे. कारखान्यात ११ कॉम्प्युटर आहेत आणि ठाण्यात नौपाड्याला विक्रीचं छोटं ऑफिस आहे, तिथे आणखी ३. टॅली आणि सगळी ड्रॉइंग्ज अकाउंट्सच्या टेबलाखालच्या एका विंडोज १० मशीनवर असतात, त्यालाच सगळे 'सर्व्हर' म्हणतात. गेल्या वर्षी दोन माणसं नोकरी सोडून गेली, तरी पासवर्ड सगळीकडे जुनाच चालू आहे. आता खराखुरा सर्व्हर घ्यायचं ठरलंय, पण गाडी नावावर अडली आहे. व्हेंडर म्हणतो, आतलं डोमेन, म्हणजे सगळ्या मशीनचं मिळून ऑफिसपुरतं नाव, 'अमुक.लोकल' करू. इंजिनिअरिंगला असलेला पुतण्या म्हणतो, वेबसाइटचं 'अमुक.इन' आहे तेच ठेवा. अकाउंटंट काका म्हणतात, सर्व्हरचा आयपी, म्हणजे आकड्यांतला पत्ता, पाठ आहे, नाव हवंच कशाला? ताई विचारतात, "आतलं तर नाव, ते बाहेर कोणाला दिसणार? मग एवढा वाद कशाला? आणि चुकलंच तर नंतर बदलता येईल ना?"

ताई,

तुमच्या शेवटच्या दोन प्रश्नांत दोन गोष्टी गृहीत धरल्या आहेत. आतलं नाव आतच राहतं, ही पहिली. नाव नंतर बदलता येतं, ही दुसरी. दोन्ही पुरत्या खऱ्या नाहीत, म्हणून तुमच्याकडे चाललेला वाद मला फुकाचा वाटत नाही.

बदलण्याचं आधी सांगते. विंडोज सर्व्हरवर ॲक्टिव्ह डिरेक्टरी (एडी, म्हणजे सगळ्यांची खाती आणि मशीन एका जागी सांभाळणारी व्यवस्था) डोमेन उभं राहिलं की ते नाव प्रत्येक कॉम्प्युटरच्या ओळखीत, प्रत्येकाच्या लॉगिनमध्ये, शेअर फोल्डरच्या परवानग्यांत आणि डीएनएसच्या, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेच्या, नोंदींत मुरतं. नाव बदलायची कमांड आहे, पण ती चालवल्यावर प्रत्येक मशीन दोनदा रीस्टार्ट करावं लागतं, आणि त्या वेळी बंद राहिलेला लॅपटॉप डोमेनबाहेर पडतो. त्यावर मायक्रोसॉफ्टचा एक्स्चेंज मेल सर्व्हर असेल, तर नाव बदलण्याची वाटच बंद होते. अनुभवी माणसं नाव बदलत नाहीत. शेजारी नवं डोमेन उभारून एकेक मशीन तिकडे नेतात. तुमच्या १४ मशीनना त्यात दोन-तीन रविवार जातील. त्यापेक्षा आत्ताच अर्धा तास विचार केलेला बरा.

आता 'आतच राहतं' याकडे येऊ. कॉम्प्युटरला नाव दिलं की तो डीएनएसला विचारतो, हे कुठे आहे? कारखान्यात असताना तुमचा सर्व्हर उत्तर देतो. पण विक्रीवाल्याचा लॅपटॉप गिऱ्हाइकाकडे गेला की तोच प्रश्न तो तिथल्या वायफायवरून बाहेरच्या जगाला विचारतो. ते नाव बाहेर दुसऱ्या कोणाच्या मालकीचं असेल, तर उत्तरही तोच देणार. जुन्या काळी अनेक कंपन्यांनी आतलं नाव नुसतं 'कॉर्प' ठेवलं होतं. भटकणाऱ्या लॅपटॉपचे प्रश्न 'कॉर्प.कॉम'कडे जाऊ लागले आणि अखेर २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टने ते डोमेन स्वतः विकत घेतलं. म्हणून नाव निवडताना पहिली कसोटी एकच: हे नाव माझ्या मालकीचं आहे का?

व्हेंडरचं 'लोकल' या कसोटीला उतरत नाही. तो तुम्हाला फसवतोय असं मात्र समजू नका. मायक्रोसॉफ्टचा जुना स्मॉल बिझनेस सर्व्हर बसवताना नावाच्या शेवटी 'लोकल' सुचवायचा, आणि त्या काळात शिकलेल्यांच्या हातात ते बसलं आहे. पण फेब्रुवारी २०१३ मध्ये आरएफसी ६७६२ या इंटरनेटच्या मानकाने 'लोकल' हे शेपूट मल्टिकास्ट डीएनएससाठी, म्हणजे सर्व्हरशिवाय शेजारच्या उपकरणांनाच नाव विचारण्याच्या पद्धतीसाठी, राखून ठेवलं. त्यामुळे 'लोकल'ने संपणारं नाव दिसलं की ॲपलची उपकरणं आणि बरीच लिनक्स मशीन डीएनएस सर्व्हरकडे जायच्या आधी नेटवर्कवरच हाक मारतात, 'या नावाचं कोणी आहे का?' तुमचा सर्व्हर त्या हाकेला ओ देईलच असं नाही. मग विंडोजवर सगळं सुरळीत चालतं, पण डिझायनरचा मॅक शेअर उघडायला काही सेकंद अडकतो किंवा त्याला तो सापडतच नाही. दोष केबलवर जातो, मग स्विचवर, नावावर संशय कोणी घेत नाही. भर म्हणजे अशा नावासाठी जगमान्य सुरक्षा-प्रमाणपत्र (ज्यावरून ब्राउझर सर्व्हर खरा मानतो ते) मिळत नाही. १ नोव्हेंबर २०१५ नंतरपर्यंत चालतील अशी प्रमाणपत्रं केवळ आतल्या नावांना देणं अधिकृत संस्थांनी बंद केलं.

स्वतः रचलेलं शेपूटही तितकंच धोक्याचं. कित्येक प्रोग्रॅमर आपल्या चाचणीच्या मशीनना '.डेव्ह' लावत. ते शेपूट गूगलने घेतलं आणि डिसेंबर २०१७ मध्ये आलेल्या क्रोम ६३ पासून '.डेव्ह'ची सगळी नावं सक्तीने एचटीटीपीएसवर, म्हणजे प्रमाणपत्र लागणाऱ्या सुरक्षित जोडणीवर, जाऊ लागली. रातोरात लोकांची आतली पानं उघडेनाशी झाली.

पुतण्याचा सल्ला मालकीच्या कसोटीला उतरतो. 'अमुक.इन' तुमचंच आहे. अडचण रोजच्या वापरात येते. आतल्या सर्व्हरने 'अमुक.इन'चा कारभार हातात घेतला की ऑफिसमधल्या सगळ्यांना त्या नावाखालची उत्तरं तोच देणार. ब्राउझरमध्ये 'अमुक.इन' टाकलं की वेबसाइटऐवजी सर्व्हर समोर येतो. मग बाहेरच्या प्रत्येक नोंदीची नक्कल आत हाताने करावी लागते: डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूची, मेलची, उद्या वेबसाइटवाल्याने काही नवं जोडलं तर त्याचीही. होस्टिंगवाल्याने आयपी बदलला की जगभर साइट दिसते, फक्त तुमच्या कारखान्यात दिसत नाही. हे जमणारच नाही असं नाही, पण दोन वह्या कायम जुळवत बसायची सवय एका छोट्या कारखान्याने लावून घेऊ नये असं मला वाटतं.

म्हणून माझं मत: 'अमुक.इन'च्या पोटात एक कप्पा करा आणि तो आतल्या कामाला द्या. 'ऑफिस.अमुक.इन' किंवा 'एडी.अमुक.इन'. टाइप अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायचं, आणि अक्षरं, आकडे व हायफन एवढंच वापरायचं. अंडरस्कोर नको. विंडोज याशिवाय एक छोटं जुन्या पद्धतीचं नाव मागतं, त्याला १५ अक्षरांची मर्यादा असते. तिथे कंपनीचं चार-सहा अक्षरी लघुरूप द्या, कारण लॉगिन करताना लोकांना तेच दिसणार आहे. गावाचं नाव मात्र डोमेनला देऊ नका. उद्या गाळा महापेला हलला तरी 'रबाळे' मागे लागेल.

कप्पा केल्याने जादा पैसे लागत नाहीत, बाहेरच्या डीएनएसमध्ये काही घालावंही लागत नाही. प्रमाणपत्र हवं असेल तर लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेकडून ते फुकट मिळतं. बाहेरच्या डीएनएसमध्ये त्यांनी दिलेली एक मजकुराची नोंद घालून मालकी सिद्ध करायची. सर्व्हर इंटरनेटवर उघडा करावा लागत नाही. प्रमाणपत्राची मुदत फार तर ९० दिवस असते, म्हणून नूतनीकरण आपोआप होईल अशीच व्यवस्था लावून घ्या. एक खबरदारी: दिलेल्या प्रत्येक प्रमाणपत्रातलं नाव सार्वजनिक नोंदवहीत जातं आणि कोणालाही वाचता येतं. 'पगार' किंवा 'टॅली-बॅकअप' अशी नावं तिथे झळकायला नको असतील तर संपूर्ण कप्प्यासाठी एकच वाइल्डकार्ड प्रमाणपत्र घ्या.

ज्या वाचकांकडे स्वतःचं डोमेनच नाही, त्यांच्यासाठी '.इंटर्नल' आहे. हे शेपूट कधीही विकायचं नाही असं इंटरनेटची नावं सांभाळणाऱ्या आयकॅनने जुलै २०२४ मध्ये ठरवलं, त्यामुळे ते बिनधोक वापरता येतं. पण ते कोणाचंच नसल्यामुळे जगमान्य प्रमाणपत्र मिळत नाही, आणि दोन कंपन्यांनी एकच नाव ठेवलं तर जोडणी करताना टक्कर होते. डॉट इन वर्षाला काही शे रुपयांत मिळतं. मी तरी ते घेईन.

अकाउंटंट काकांचा मुद्दा मला पटतो तो इतकाच, की आयपी स्थिर हवा. पण आयपीने उघडलेल्या शेअरला विंडोज सहसा डोमेनची चांगली ओळखपद्धत, म्हणजे केर्बेरॉस, लावत नाही, जुन्या पद्धतीवर जातं. शिवाय सर्व्हर बदलला की टॅलीतला डेटाचा मार्ग आणि ड्रॉइंगमध्ये जोडलेल्या दुसऱ्या ड्रॉइंगचे मार्ग, सगळे तुटतात. म्हणून यंत्राला एक नाव द्या आणि कामाला दुसरं. यंत्र 'एसआरव्ही१', आणि त्याचीच पर्यायी नावं 'टॅली' आणि 'ड्रॉइंग'. पाच वर्षांनी 'एसआरव्ही२' आला की पर्यायी नावं तिकडे वळवायची, लोकांच्या कॉम्प्युटरला हातही लावायचा नाही. इथे एक गफलत नेहमी होते. नुसती डीएनएसमध्ये उपनावाची नोंद घातली तर विंडोज कधीकधी पासवर्ड मागत बसतं. व्हेंडरला सांगा, पर्यायी नाव नेटडॉम कमांडने द्या, म्हणजे डीएनएस आणि ओळखपत्र दोन्हीकडे नोंद होते.

मग मुळात डोमेन हवंच का? हेही विचारायला हवं, कारण कोटेशनमधला मोठा आकडा त्याचाच असतो. नुसत्या फायली वाटायच्या असत्या, तर दोन डिस्क आरशासारख्या जोडलेला एनएएस (नेटवर्कवरची फायलींची पेटी) आणि टॅलीसाठी एक विंडोज ११ प्रो मशीन एवढ्यावर भागलं असतं. साध्या विंडोजवर एका वेळी २० जोडण्या चालतात आणि तुमची मशीन १४ आहेत. पण पत्रातलं 'पासवर्ड जुनाच चालू आहे' हे वाक्य मी पुन्हा वाचलं. माणूस गेला की त्याचं खातं एका जागी बंद करता येणं, हेच डोमेनचं खरं काम. तुम्हाला त्याची गरज आहे. मात्र व्हेंडरने विंडोज सर्व्हर स्टँडर्ड आणि त्यावर प्रत्येक माणसाचं कॅल, म्हणजे सर्व्हर वापरायच्या परवानगीचं, लायसन लावलं असेल, तर शेजारी इसेन्शियल्स आवृत्तीचंही कोटेशन मागा. ती नव्या सर्व्हरसोबतच मिळते, २५ माणसं आणि ५० उपकरणांपर्यंत कॅल लागत नाही. एकच प्रोसेसर आणि १० कोअरची मर्यादा आहे, तुम्हाला ती पुरून उरेल. ऑर्डर देण्याआधी १४ मशीनवर फिरून बघा, विंडोज होम आहे की प्रो. होम आवृत्ती डोमेनला जोडताच येत नाही. आणि विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, तेव्हा ते टेबलाखालचं मशीन आता कोणत्याच मोठ्या जबाबदारीवर ठेवू नका.

हार्डवेअरवर फार बोलत नाही. टॉवर सर्व्हर, १६ जीबी ईसीसी (चुका सुधारणारी) रॅम, रेड १ मध्ये (एकीची हुबेहूब नक्कल दुसरीवर) दोन एसएसडी, डेटासाठी आणखी दोन डिस्क, १ केव्हीएचा यूपीएस. यूपीएसची यूएसबी केबल सर्व्हरला जोडून बॅटरी उतरली की सर्व्हर आपोआप बंद होईल असं लावून घ्या. ही केबल बहुतेक ठिकाणी खोक्यातच राहते. स्विच आणि फायबरचा डबाही (इंटरनेट कंपनीचा राउटर) त्याच यूपीएसवर हवा. तळमजल्याचा गाळा असेल तर सर्व्हर जमिनीवर नको, भिंतीवर किमान कमरेच्या उंचीला.

खरी डोकेदुखी डीएनएसमध्ये होते, तिथे थोडं थांबू.

आयपीची रांग निवडताना १९२.१६८.० आणि १९२.१६८.१ टाळा. जवळपास प्रत्येक घरच्या राउटरची तीच असते. कारखान्यात आणि नौपाड्यात एकच रांग असेल तर व्हीपीएन (इंटरनेटवरून ऑफिसात यायची खासगी वाट) जोडूनही काही सापडत नाही, कारण लॅपटॉपला वाटतं सर्व्हर याच खोलीत आहे. रबाळ्याला १९२.१६८.३७ आणि नौपाड्याला १९२.१६८.३८ द्या. सर्व्हर .१०, प्रिंटर .२० ते .२९, बाकीच्यांना डीएचसीपीने, म्हणजे आपोआप पत्ते वाटणाऱ्या सेवेने, .१०० ते .१९९. कारखान्यात डीएचसीपी एकाच ठिकाणाहून, सर्व्हरवरून चालवा आणि फायबरच्या डब्यातलं बंद करा. दोन्ही चालू राहिली तर 'सकाळी चालत होतं, जेवणानंतर बंद पडलं' अशी तक्रार येते, आणि ती शोधता शोधता दिवस जातो.

प्रत्येक कॉम्प्युटरला डीएनएस म्हणून फक्त सर्व्हरचा पत्ता. दुसऱ्या रकान्यात 'असू दे जोडीला' म्हणून गूगलचा ८.८.८.८ भरतात, तो भरू नका. लोकांना वाटतं पहिला मेला तरच दुसऱ्याला विचारतील. प्रत्यक्षात पहिल्याकडून उत्तराला जरा उशीर झाला तरी विंडोज दुसऱ्याकडे जातं आणि काही वेळ तिथेच रमतं. गूगल सांगतं, असं नावच नाही, आणि कॉम्प्युटर ते खरं मानतो. बाहेरचे पत्ते सर्व्हरच्या डीएनएसमध्ये फॉरवर्डर (पुढे विचारायचे पत्ते) म्हणून घालायचे, तिथे दोन-तीन घातले तरी चालतं. याचा अर्थ असाही, की सर्व्हर बंद तर इंटरनेटही बंद झाल्यासारखं वाटणार. आधी लॉगिन केलेली माणसं आपापल्या मशीनवर येऊ शकतील, पण वेबसाइट उघडणार नाहीत. त्या दिवसापुरतं फायबरच्या डब्यातलं डीएचसीपी कसं चालू करायचं, हे कागदावर लिहून डब्यालाच चिकटवा.

एवढं करूनही काही मशीनना नाव सापडलं नाही तर आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचे आयपी पत्ते, बघा. फायबरचा डबा त्या वाटेने इंटरनेट कंपनीचा डीएनएस गुपचूप वाटत असतो आणि विंडोज तोही वापरतं. डब्यातून आयपीव्ही६ चं डीएनएस वाटप बंद करा. मग ब्राउझर: क्रोम आणि फायरफॉक्समध्ये 'सिक्युअर डीएनएस' ठरावीक कंपनीवर लावलेलं असेल, तर ते तुमच्या सर्व्हरला न विचारता थेट बाहेर जातं. ऑफिसच्या मशीनवर पॉलिसीने ते बंद ठेवा. अँड्रॉइड फोनवर हेच 'प्रायव्हेट डीएनएस' नावाने दिसतं. तपासायला कमांड प्रॉम्प्टवर एनएसलुकअप आणि सर्व्हरचं पूर्ण नाव टाइप करा. उत्तर कोणी दिलं हे पहिल्या दोन ओळींतच दिसतं.

घड्याळाचंही बघा. सर्व्हर आणि कॉम्प्युटरच्या वेळेत ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला की केर्बेरॉस लॉगिन नाकारतं, पासवर्ड बरोबर असला तरी. जुन्या मशीनमधला नाण्याएवढा सेल उतरलेला असतो, पन्नासेक रुपयांचा प्रश्न असतो तो. सर्व्हरला सरकारी एनआयसीच्या 'समय१' आणि 'समय२' या सर्व्हरवरून वेळ घ्यायला लावा. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांतही एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेची वेळ धरायला सांगितलं आहे.

नौपाड्यासाठी व्हेंडर म्हणेल, राउटरवर ३३८९ पोर्ट (बाहेरून आत यायचं दार) उघडतो, रिमोट डेस्कटॉपने (लांबून सर्व्हरचा पडदा वापरून) बसतील. याला स्पष्ट नाही म्हणा. उघडं ३३८९ शोधत फिरणारे प्रोग्रॅम चोवीस तास चालू असतात आणि खंडणीवाले व्हायरस याच दारातून सर्रास येतात. वायरगार्डसारखं व्हीपीएन लावा. त्याला यूडीपी ५१८२० हे एकच दार लागतं आणि चावी नसलेल्याला ते उत्तरच देत नाही. मात्र आधी इंटरनेट कंपनीला विचारा, पब्लिक आयपी मिळतो का. साध्या घरगुती प्लॅनमध्ये अनेक ग्राहकांत एकच आयपी वाटलेला असतो, मग बाहेरून जोडणी आत येतच नाही. व्हीपीएनच्या सेटिंगमध्ये 'ऑफिस.अमुक.इन'ची विचारणा सर्व्हरकडे पाठवायला विसरू नका, नाहीतर जोडणी होईल पण नाव सापडणार नाही.

बॅकअपच्या बाबतीत, रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून एकदमच पुसली जाते. रोज रात्री एक प्रत बाहेरच्या डिस्कवर आणि एक नौपाड्याला. तुमची कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असल्यामुळे हिशेबाच्या वह्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवणं ऑगस्ट २०२२ पासून नियमानेच बंधनकारक आहे. तिमाहीतून एकदा त्यातलं एखादं ड्रॉइंग आणि टॅलीची कंपनी खरोखर परत उघडून बघा.

आता ते काम, जे मी सर्व्हरच्या ऑर्डरच्याही आधी करायला सांगेन. 'अमुक.इन' नक्की कोणाच्या नावावर आहे? वेबसाइट करणाऱ्याने स्वतःच्या खात्यात, स्वतःच्या ईमेलवर घेऊन ठेवलेलं असणं हे फार सर्रास आहे. तसं असेल तर गोडीत बोलून कंपनीच्या खात्यात वळवून घ्या, त्यासाठी त्यांच्याकडून ट्रान्सफर कोड लागतो. खात्याचा ईमेल 'अमुक.इन'वरचा नको. डोमेनची मुदत संपली तर ती कळवणारं पत्र त्याच बंद मेलमध्ये अडकेल. सलग काही वर्षांचं नूतनीकरण करून टाका. मुदत चुकून नाव दुसऱ्याने घेतलं तर कारखान्यातलं काम चालू राहील, पण बाहेर फिरणारे लॅपटॉप त्या नव्या मालकालाच विचारू लागतील, आणि तुमचे मेलही त्याच्याकडे जातील.

सर्व्हर बसवण्याच्या दिवशी व्हेंडर एक डीएसआरएम पासवर्ड ठरवेल. डिरेक्टरी बिघडली तर ती दुरुस्त करायला तोच लागतो, आणि नेमका तोच कोणाला आठवत नाही. तो, प्रशासकाचा पासवर्ड, डोमेन खात्याचं लॉगिन आणि आयपीची यादी एका पाकिटात घालून तिजोरीत ठेवा, आणि त्याची दुसरी प्रत दिरांकडे.

ज्या वाचकांचं डोमेन आधीच '.लोकल'वर चालू आहे, त्यांनी घाईने काही मोडू नये. नवी मॅक किंवा लिनक्स मशीन येणार नसतील तर ते निभतं. पुढचा सर्व्हर घ्याल तेव्हा त्याच्यावर नवं नाव उभं करा आणि तोवर डॉट इन आपल्या खात्यात आणून ठेवा.